पोचपावतीची गोष्ट: हौशी रेडिओच्या लॉगबुकात नेमके काय लिहायचे?

जगभरच्या हौशी रेडिओचालकांत, म्हणजे ज्यांना ‘हॅम’ म्हणतात त्या मंडळींत, एक वाद वारंवार निघतो. बाहेरच्या माणसाला तो क्षुल्लक वाटेल. संगणकाच्या मदतीने केलेला रेडिओ-संपर्क लॉगबुकात कधी लिहायचा? समोरच्याचे नाव पडद्यावर उमटले की? त्याने आपले नाव घेतले की? त्याची पोच आली की? आणि पोच येण्याआधीच संपर्क तुटला तर?

मी परवानाधारक हॅम आहे. सोलापुरात घराच्या गच्चीवर एक तार ताणलेली आहे आणि रात्री तासभर तिच्या दुसऱ्या टोकाला बसतो. पण मूळ आवड इतिहासाची. त्यामुळे हा वाद मला निव्वळ तांत्रिक वाटत नाही. एखादी गोष्ट घडली हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे, हा इतिहासाचा पहिला प्रश्न आहे. लॉगबुक हे त्याचे घरगुती रूप. गेल्या शंभर वर्षांत हॅम मंडळींनी या प्रश्नाला वेळोवेळी उत्तरे दिली. ती ओळीने पाहिली तर आजच्या वादाचा गुंता बराच सुटतो, असे माझे मत आहे.

वही आली जहाजावरून

‘लॉग’ म्हणजे लाकडाचा ओंडका. जुन्या काळी खलाशी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाची फळी बांधून ती समुद्रात टाकत. ठरावीक वेळात किती गाठी हातातून सुटल्या यावरून जहाजाचा वेग काढत आणि वहीत लिहीत. ती वही म्हणजे लॉगबुक. जहाजांवर बिनतारी यंत्रे आली तेव्हा यंत्राच्या खोलीतही तशीच वही आली. कोणता संदेश किती वाजता आला, कोणाला गेला, याची मिनिटवार नोंद त्यात होऊ लागली.

या वहीची किंमत १९१२ च्या एप्रिलमध्ये जगाला कळली. टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्या बिनतारी खोलीतले कागदही समुद्रात गेले. त्या रात्री कोणता संदेश कधी निघाला, हे ठरवताना चौकशी आयोगाला इतर जहाजांच्या नोंदींचा आधार घ्यावा लागला. ‘माउंट टेम्पल’ या जहाजावरचा बिनतारी चालक जॉन ड्युरंट याने ऐकलेले संदेश वेळेसह टिपले होते. ती नोंद लंडनच्या चौकशीत पुरावा ठरली. जवळच असलेल्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजावरचा चालक मात्र यंत्र बंद करून झोपी गेला होता. मदतीच्या हाकेची नोंद त्याच्याकडे नव्हती आणि ते नसणेही चौकशीत तितकेच बोलके ठरले.

इथे एक बाब ध्यानात घ्यावी. बोलणाऱ्याची वही बुडाली, ऐकणाऱ्याची वाचली. रेडिओच्या इतिहासात हे पुन्हा घडलेले दिसते. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने भारतातल्या हॅम मंडळींचे परवाने रद्द केले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरपर्यंत चालला. भूमिगत केंद्र आपली वही कशी ठेवणार? त्या प्रक्षेपणांत काय बोलले गेले, हे आज समजते त्यात सरकारी यंत्रणेने ऐकून लिहून काढलेल्या कागदांचा मोठा वाटा आहे. ज्यांना ते केंद्र बंद पाडायचे होते, त्यांनीच त्याचे शब्द जपले.

ऐकणे वेगळे, भेटणे वेगळे

हॅम मंडळींचा मूळ प्रश्न १९२१ मध्येच उभा राहिला. अमेरिकेतल्या हौशी केंद्रांचे संदेश अटलांटिक महासागर ओलांडतात का, हे पाहण्यासाठी अमेरिकन रेडिओ रिले लीग या संस्थेने पॉल गॉडली या तंत्रज्ञाला स्कॉटलंडला धाडले. डिसेंबरच्या थंडीत, आर्ड्रॉसन गावाजवळ, तंबूत बसून त्याने रात्रीमागून रात्री कान लावले. सोबत साक्षीदार म्हणून मार्कोनी कंपनीचा एक निरीक्षक होता. अमेरिकेतली दोन डझनांहून अधिक हौशी केंद्रे गॉडलीला ऐकू आली.

हा पराक्रम मोठाच होता. तरीही त्याला कोणी ‘संपर्क’ म्हटले नाही. गॉडलीने ऐकले, पण परत हाक दिली नाही. दुहेरी संपर्काला आणखी दोन वर्षे लागली. १९२३ च्या नोव्हेंबरअखेर फ्रान्समधल्या नीस शहरातून लिऑन डेलॉय आणि अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातून फ्रेड श्नेल व जॉन राइनार्ट्झ यांनी सुमारे ११० मीटरच्या लहरीवर एकमेकांशी बोलणे केले. पुढच्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९२४ रोजी, लंडनच्या मिल हिल शाळेतला विद्यार्थी सेसिल गॉयडर आणि न्यूझीलंडच्या शॅग व्हॅलीतला फ्रँक बेल यांची पृथ्वीच्या जवळजवळ दोन टोकांवरून गाठ पडली.

गॉडलीची वही आणि डेलॉयची वही यांत जो फरक आहे, तोच आजच्या वादाचा पाया आहे. एक म्हणते, ‘मी ऐकले.’ दुसरी म्हणते, ‘मी ऐकले, त्याने ऐकले आणि आम्ही ऐकले हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.’ दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. फक्त त्यांची जागा एक नाही.

मोजदाद सुरू झाली

संपर्क जोवर दुर्मीळ होता, तोवर व्याख्येची घाई नव्हती. मोजणी सुरू झाली आणि तंटे उभे राहिले. ऑक्टोबर १९३५ मध्ये क्लिंटन डिसोटो यांनी लीगच्या मासिकात लेख लिहून एक साधा प्रश्न विचारला: आपण किती देशांशी बोललो, हे मोजायचे कसे? मुळात देश कशाला म्हणायचे? त्यांच्या सूत्रातून शंभर देशांशी संपर्काचा सन्मान उभा राहिला. महायुद्धानंतर तो नव्याने सुरू झाला आणि आजही १५ नोव्हेंबर १९४५ पासूनचे संपर्क त्यासाठी धरले जातात.

मोजणीबरोबर पुरावा आला. दोन्ही बाजूंनी एकमेकांना छापील पोचपत्र पाठवायचे, त्यावर तारीख, वेळ, लहर आणि आवाजाचा दर्जा लिहायचा, ही प्रथा पक्की झाली. आवाजाचा दर्जा सांगण्यासाठी १९३४ मध्ये आर्थर ब्रॅटन यांनी तीन अंकांची पद्धत सुचवली: किती समजते, किती जोरात येते, सूर किती स्वच्छ आहे. सर्वोत्तम म्हणजे ५९९.

आता गंमत पाहा. स्पर्धेच्या दिवशी घाईत असलेले चालक सर्वांनाच ५९९ देतात. आवाज कानाला जेमतेम लागत असला तरी ५९९. हजारो वह्यांत हा आकडा लिहिलेला आहे आणि त्याने आवाजाबद्दल काहीही कळत नाही. ‘पूर्वीच्या हाताने केलेल्या नोंदी खऱ्या, संगणकाच्या नोंदी खोट्या’ असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांना मी हे आदराने सांगतो. आजचा संगणक उणे १४ डेसिबल लिहितो, तेव्हा त्याने निदान काहीतरी मोजलेले असते.

चंद्रावरून आलेली पोच

संपर्काची सर्वात काटेकोर व्याख्या केली ती चंद्रावरून लहरी परतवणाऱ्यांनी. १९४६ च्या जानेवारीत अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी चंद्रावर लहर पाठवून तिचा प्रतिध्वनी पकडला. १९६० च्या जुलैत दोन हौशी गटांनी चंद्रामार्गे दुहेरी संपर्क साधला. लहरीला जाऊन यायला अडीच सेकंद लागतात आणि परत येते ते इतके क्षीण की एकेक अक्षर चाळून काढावे लागते.

त्यामुळे या मंडळींनी चैनीच्या सर्व गोष्टी गाळल्या. हवापाणी नाही, नाव-गाव नाही. उरल्या तीन अटी: दोन्ही कॉल साइन दोघांना पूर्ण मिळाव्यात, दोघांना एकमेकांचा अहवाल मिळावा आणि तो मिळाल्याची पोच दोघांना मिळावी. यातले काहीही कमी पडले तर संपर्क अपुरा. आज घरबसल्या डिजिटल संपर्क करणारा प्रत्येक जण कळत-नकळत ही व्याख्या पाळतो.

जो टेलर हे खगोलशास्त्रज्ञ १९९३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी. जोडताऱ्यातल्या एका पल्सारच्या शोधासाठी रसेल हल्स यांच्यासोबत त्यांना तो मिळाला. गोंगाटात बुडालेला क्षीण संकेत शोधणे हेच त्यांचे काम आणि ते हॅमही आहेत. चंद्रसंपर्कासाठी २००३ मध्ये त्यांनी जेटी-६५ ही पद्धत आणली. तिच्यात एक सोय होती: आलेला धूसर संकेत संगणक ज्ञात कॉल साइनच्या यादीशी ताडून पाही आणि सर्वात जवळचा मेळ दाखवी. त्यावर मोठा वाद झाला. यादीत नाव आहे म्हणून ते ‘ऐकू’ आले, तर खरोखर ऐकले कोणी? लहरीने सांगितले की यादीने?

जुनी कागदपत्रे वाचणाऱ्याला हा पेच चांगला ठाऊक आहे. मोडीतले पुसट नाव आपण बखरीतल्या ओळखीच्या नावांशी ताडून वाचतो. बहुतेक वेळा वाचन बरोबर ठरते. पण जे नाव अपेक्षित होते तेच दिसले, तर कागद पुन्हा उजेडात धरावा लागतो.

पंधरा सेकंदांची पाळी

२०१७ मध्ये टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी-८ ही पद्धत जगापुढे ठेवली. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे आणि आठ सूर, म्हणून हे नाव. पंधरा सेकंदांची एक पाळी: एकाने पाठवायचे, दुसऱ्याने ऐकायचे, मग उलट. एका संदेशात ७७ बिट मावतात. आवाज गोंगाटाच्या शंभराव्या हिश्शाइतका असला तरी संदेश उलगडतो. थोड्याच काळात निम्म्या जगाचे हॅम या एका पद्धतीवर जमले.

तिचे संभाषण असे चालते. मी सर्वांना हाक देतो: माझी कॉल साइन आणि ‘एमके७७’, म्हणजे सोलापूर नकाशाच्या ज्या चौकोनात येते त्याची खूण. कोणीतरी माझी कॉल साइन, त्याची कॉल साइन आणि त्याचा चौकोन पाठवतो. मी त्याला अहवाल देतो: उणे १२. तो म्हणतो, ‘मिळाला, तुझा उणे १५.’ मी म्हणतो, ‘आरआर७३’, म्हणजे मिळाले मिळाले, नमस्कार. तो म्हणतो, ‘७३’. सहा संदेश, दीड मिनिट.

प्रश्न येतो तो शेवटच्या दोन संदेशांपाशी. मी ‘आरआर७३’ पाठवले, पण त्याचे ‘७३’ आले नाही. संपर्क झाला का?

संगणकशास्त्रात ‘दोन सेनापतींचा पेच’ म्हणून एक कोडे आहे. १९७५ मध्ये ते मांडले गेले. दोन टेकड्यांवर एकाच बाजूच्या दोन फौजा, मधल्या खोऱ्यात शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय. पहिला जासूद पाठवतो: ‘पहाटे हल्ला.’ जासूद पोचला का, हे त्याला कळत नाही, म्हणून दुसऱ्याने पोच पाठवायची. पण पोच पोचली का? तिची पोच हवी. मग त्या पोचेची पोच. कितीही जासूद धाडले तरी शेवटचा संदेश पाठवणारा कायम अंधारात राहतो. पूर्ण खात्री अशक्य आहे, हे गणिताने सिद्ध झाले आहे.

म्हणून कुठेतरी थांबावे लागते आणि कुठे थांबायचे हे चंद्रावाल्यांनी ठरवून ठेवले आहे. समोरच्याने ‘मिळाला’ म्हटले की त्याला माझा अहवाल पोचला हे मला कळले. माझ्या बाजूच्या अटी पुऱ्या झाल्या. मी आरआर७३ पाठवून नोंद करावी. शेवटचे ‘७३’ हा निरोपाचा नमस्कार आहे. तो आला तर आनंद, नाही आला तरी नोंद टिकते.

समोरच्याचे काय? त्याला माझे आरआर७३ मिळाले नाही तर त्याच्या बाजूने पोच राहिली. तो पुन्हा ‘मिळाला, उणे १५’ म्हणत राहील आणि मी पुन्हा उत्तर द्यायला हवे. एकदा लिहून झाले म्हणून पुढच्या माणसाकडे वळणे हे असभ्य आहे. तेवढ्यात लहर बुजली, तर माझ्या वहीत तो असेल आणि त्याच्या वहीत मी नसेन. दोन प्रामाणिक वह्या, दोन वेगळी उत्तरे. त्यात कोणी खोटे बोललेले नाही.

मी काय लिहितो

माझ्या टेबलावर दोन नोंदी असतात. एक बांधीव वही. भारतात १९७८ च्या हौशी सेवा नियमांनी लॉग ठेवणे बंधनकारक केले. सरकारचा प्रश्न असतो: तू कधी, कोणत्या लहरीवर, कोणाला हाक दिलीस? तिथे अपुरा संपर्कही लिहितो आणि समोर ‘अपुरा’ असा शेरा मारतो. दुसरी नोंद संगणकावरची, संपर्कांची. तिचा प्रश्न वेगळा: तू कोणाला भेटलास? बहुतेक भांडणे हे दोन प्रश्न एक समजल्याने होतात.

संपर्काच्या नोंदीत मी तेच लिहितो ज्यात तिन्ही अटी पुऱ्या झाल्या. उत्तर देणारा मी असेन आणि आरआर७३ आले नसेल, तर लिहीत नाही. देश कितीही दुर्मीळ असो. सॉफ्टवेअर आजही अपेक्षित संदेशाचा आधार घेऊन धूसर ओळी उलगडते आणि भरवसा कमी असेल तर पुढे प्रश्नचिन्ह टाकते. पोच तशा प्रश्नचिन्हासह आली तर मी आणखी एक पाळी थांबतो. फोनवरून ‘तुला मी ऐकू आलो का रे?’ असे विचारून संपर्क पुरा करत नाही. जे लहरीवर झाले नाही ते फोनने होत नाही.

तोच माणूस दुसऱ्यांदा हाक देतो तेव्हा मात्र उत्तर देतो आणि पुन्हा लिहितो. तो वेडा नाही; पहिल्या वेळी त्याच्याकडे माझी पोच गेली नसेल. वेळ नेहमी जागतिक वेळेत लिहितो, कारण आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत तिकडे आदली तारीख असते आणि तारखेच्या घोळात खरा संपर्कही हरवतो. लीगच्या जागतिक नोंदवहीत दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळाव्या लागतात, वेळेत अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक चालत नाही. या नोंदवहीत एक अब्जाहून अधिक नोंदी आहेत, पण २०२४ च्या मे महिन्यात लीगवर सायबर हल्ला झाला आणि ती काही आठवडे बंद राहिली. म्हणून स्वतःची प्रत घरी हवीच.

आणि नोंदी मी सर्व पाठवतो. जपानचा शंभरावा संपर्क मला नको असेल, पण त्या जपानी माणसासाठी भारत पहिला असू शकतो. त्याचा पुरावा माझ्या वहीत पडून आहे. संपर्काची नोंद दोघांची मालमत्ता असते; एकट्याने ती दाबून ठेवायची नसते.

यंत्रच सर्व करते तर माणूस कशाला, असेही विचारले जाते. लीगचा नियम यावर स्पष्ट आहे: सन्मानासाठी धरायचा प्रत्येक संपर्क दोन्ही बाजूंच्या चालकांनी त्या वेळी स्वतः सुरू केलेला असावा. मालक झोपला असताना दोन संगणकांनी एकमेकांना गाठले, तर भेट झाली कोणाची? त्याला मी गॉडलीच्या वहीतही जागा देणार नाही. गॉडली निदान जागा होता.

२००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद या भारतीय हॅम अंदमानात होत्या. तिथले केंद्र जगाला क्वचित ऐकू येई, म्हणून देशोदेशीचे चालक एका संपर्कासाठी रांग लावून होते. २६ तारखेला त्सुनामी आली. त्याच यंत्रावरून, त्याच माणसांनी मग जिवंत असलेल्यांचे निरोप आणि मदतीचे संदेश द्यायला सुरुवात केली. त्या वेळी संदेश नक्की पोचला का, पोच आली का, हेच विचारायचे होते. रोजच्या खेळात आपण ज्या अटी पाळतो, त्या अशा दिवसासाठी हाताला वळण लावतात. ‘पोचला असेल’ आणि ‘पोचला’ यांत त्या दिवशी एखाद्या घराचे सुतक असते.

शंभर वर्षांनी कोणी संशोधक माझी आणि त्या अनोळखी माणसाची वही शेजारी ठेवील. एकीत संपर्क असेल, दुसरीत नसेल. त्याने कोणालाही खोटे ठरवू नये. माझ्या वहीतून त्याला कळेल की त्याचा आवाज सोलापुरात पोचला. दुसऱ्या वहीतल्या रिकाम्या ओळीवरून कळेल की त्या मिनिटाला लहर कुठवर टिकली आणि कुठे बुजली.